क्लिकनंतर काय घडतं? सर्चचा वापरकर्ता-डेटा आणि मराठी वेबसाइटचा एसईओ, पायरीपायरीने

गुगलवर नुसतं 'सातबारा' टाका. महाभूलेखची सरकारी साइट येते आणि तिच्या मागे 'सातबारा कसा काढावा' सांगणाऱ्या खासगी लेखांची रांग लागते. त्यातले निम्मे लेख एकमेकांवरून उतरवलेले वाटावेत इतके सारखे असतात. कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) सगळ्यांनीच पेरलेले, चित्रंही तीच. तरी काही लेख टिकतात आणि बाकीचे खाली जातात. निकालांत वर येण्याच्या या धडपडीलाच एसईओ म्हणतात. लिंका, साइटचं वय, विषयाची पकड ही कारणं आहेतच, पण एक मोठं कारण क्लिक झाल्यानंतर सुरू होतं: माणूस त्या पानावर थांबला, की दोन सेकंदांत मागे फिरून दुसरा निकाल उघडला?

या लेखात उदाहरण म्हणून अशीच एक साइट धरू, जमिनीच्या कागदांची माहिती मराठीत देणारी. तुमची साइट होमस्टेची असो वा पाककृतींची, पायऱ्या त्याच.

आधी थोडं कोर्टाबद्दल

क्लिकचा रँकिंगशी थेट संबंध नाही, असं गुगलची माणसं वर्षानुवर्षे सांगत आली. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला आणि २०२३ च्या सुनावणीत गुगल सर्चचे तेव्हाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांना शपथेवर बोलावं लागलं. तेव्हा 'नॅव्हबूस्ट' हे नाव सर्वतोमुखी झालं. कुठल्या शोधाला लोकांनी कुठल्या निकालावर क्लिक केलं, याची आठवण ठेवणारी ही यंत्रणा आहे. ती १३ महिन्यांचा डेटा वापरते, पूर्वी १८ महिन्यांचा वापरत असे. ठिकाण आणि मोबाइल-डेस्कटॉप यांनुसार ही आठवण वेगवेगळी ठेवली जाते, म्हणून नाशिकमधला निकाल आणि लंडनमधला निकाल एक नसतो.

न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल दिला. गुगलकडे १३ महिन्यांत जमा होणारा वापरकर्ता-डेटा मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनाच्या १७ वर्षांहून अधिक डेटाइतका आहे, असं त्यात नोंदवलंय. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितला गेला तो याच कारणाने. खटल्यात गुगलचं २०१६ चं एक अंतर्गत सादरीकरणही बाहेर आलं. त्यातला कबुलीजबाब फार प्रामाणिक आहे: मजकूर थेट समजण्याची आमची क्षमता अगदी कमी, म्हणून लोक त्यावर कसे वागतात ते आम्ही बघतो आणि लक्षात ठेवतो. त्यानंतर भाषा समजणारी मॉडेलं खूप सुधारली, पण वागणूक बघणं थांबलेलं नाही.

मे २०२४ मध्ये गुगलच्या अंतर्गत दस्तऐवजांची हजारो पानं फुटली. त्यात १४ हजारांहून अधिक रकाने होते आणि त्यांत 'चांगले क्लिक', 'वाईट क्लिक' आणि 'शेवटचा, सर्वांत लांब क्लिक' अशा अर्थाची नावं होती. कागद खरे असल्याचं गुगलने मान्य केलं. कुठल्या रकान्याला किती वजन हे मात्र त्या कागदांत लिहिलेलं नाही, तेव्हा 'क्लिकचं वजन अमुक टक्के' सांगणाऱ्या कोर्सवाल्यांपासून चार हात दूर राहा.

सातबाऱ्याच्या उदाहरणात 'शेवटचा लांब क्लिक' लगेच कळतो. माणूस लेख उघडतो, चार परिच्छेद प्रस्तावना, दोन जाहिराती, 'सातबारा म्हणजे काय' हे पुन्हा एकदा. तो मागे येतो, महाभूलेख उघडतो, जिल्हा-तालुका-गाव निवडतो आणि परत येत नाही. शेवटचा लांब क्लिक सरकारी साइटला गेला. असं हजारो जणांनी केलं की गुगलची शिकवणी पूर्ण.

पायरी १: निकाल स्वतःच्या चष्म्याशिवाय बघा

'माझी साइट तर पहिली येते' असं सांगणारे बहुतेक जण स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून, रोज तीच साइट उघडून बघत असतात. तुमच्या गुगल खात्यात 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर शोध आणि क्लिक साठत जातात. जून २०२० नंतरच्या नव्या खात्यांत ही नोंद १८ महिन्यांनी आपोआप पुसली जाते, आणि ही मुदत ३ किंवा ३६ महिने अशी बदलता येते. एकदा 'माय ॲक्टिव्हिटी' उघडून स्वतःची यादी वाचाच. वाचकाबद्दल सर्च इंजिनाला काय काय ठाऊक असतं, याचा याहून चांगला धडा नाही.

मग इन्कॉग्निटो खिडकीत शोधा. खात्याचा इतिहास गळून पडेल, ठिकाण मात्र राहील. निकालाच्या पानाच्या तळाशी गुगल कुठलं ठिकाण धरतंय ते दिसतं. मोबाइल नेटवर असाल तर राहता साताऱ्याला आणि पानावर मुंबई, असं होऊ शकतं. वेगळ्या तालुक्यातल्या नातेवाइकाला स्क्रीनशॉट पाठवायला सांगणं हा उपाय गावठी वाटेल, पण तो चालतो.

पायरी २: सर्च कन्सोल जोडा, आजच

पूर्वी कोण कुठला शब्द शोधून आपल्या साइटवर आलं, ते साइटच्या स्वतःच्या नोंदवहीतच दिसायचं. ऑक्टोबर २०११ पासून गुगलने शोध एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत तो रस्ता जवळपास बंद झाला. आता गुगलवर लोकांनी काय शोधलं हे कळायची मुख्य खिडकी म्हणजे सर्च कन्सोल. ते फुकट आहे.

'डोमेन' प्रकारची मालमत्ता निवडा आणि डोमेन विकत घेतलं तिथे डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव साइटशी जोडणाऱ्या नोंदींत) एक टीएक्सटी नोंद टाका. जमत नसेल तर 'यूआरएल प्रीफिक्स' निवडा आणि दिलेली फाइल साइटवर चढवा. साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) दाखल करा. जोडल्यानंतर आकडे यायला काही दिवस लागतात. इथे १६ महिन्यांपर्यंतचाच डेटा दिसतो, म्हणून दर तिमाहीला तो उतरवून ठेवा. खरीप कर्ज, पीक विमा, ई-पीक पाहणी यांमुळे जमिनीच्या कागदांचे शोध हंगामी असतात. यंदाचा जुलै गेल्या जुलैशीच ताडायचा, जूनशी नाही.

सोबत बिंग वेबमास्टर टूल्सही जोडा. सर्च कन्सोलमधून आयात करता येतं, काही मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: प्रश्नांचा तक्ता वाचायला शिका

सगळा एसईओ खरं तर या एका तक्त्यात आहे. 'परफॉर्मन्स' उघडा आणि चारही चौकोन सुरू करा: क्लिक, इम्प्रेशन (निकालांत किती वेळा दिसलात), सीटीआर (दिसण्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झाला), सरासरी स्थान.

वाचताना काही खाचखळगे आहेत.

सरासरी स्थान हे सरासरीच असतं. एकाला तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर दिसलात आणि दुसऱ्याला अठराव्या, तर तक्त्यात 'दहा' येईल, आणि दहाव्या क्रमांकावर तुम्ही कुणालाच दिसलेले नसाल. म्हणून देश आणि उपकरण यांची गाळणी लावल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास नको. वारस नोंदीबद्दल लिहिलं असेल तर अमेरिका, ब्रिटन, आखाती देश वेगळे काढून बघा. गावाकडे जमीन असलेली परदेशातली मराठी माणसं तिथे सापडतात, आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात: कुलमुखत्यारपत्र, दूतावासातली साक्षांकनं.

ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात आणि तक्त्यात जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात. लहान मराठी साइटवर लपलेला भाग मोठा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शोध लपवण्याची ही काळजी उगाच घेतली जात नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावं काढून जाहीर केले होते आणि नुसत्या शोधांवरून पत्रकारांनी एका बाईंना त्यांच्या घरी जाऊन गाठलं.

तारखा पॅसिफिक वेळेच्या असतात. हे फार कमी जणांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिथली मध्यरात्र म्हणजे आपली दुपारचे साडेबारा. ३१ जुलै ही खरीप पीक विम्याची नेहमीची शेवटची तारीख. त्या दिवशी सकाळी झालेली गर्दी तक्त्यात ३० जुलैच्या नावावर चढते. २७ ऑगस्ट २०२५ च्या गणेश चतुर्थीला पूजाविधी वाचायला सकाळी आलेले लोकही २६ तारखेलाच मोजले गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये तुमची इम्प्रेशन धाडकन उतरलेली दिसली तर साइट बुडाली असं समजू नका. एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय गुगलने तेव्हा बंद केली. रँक मोजणारी यंत्रं तिचा वापर करत, त्यामुळे बऱ्याच साइटना त्या सुमारास अशी घट दिसली.

आता मुख्य काम. गाळणीत 'क्वेरी', मग 'कस्टम' आणि रेजेक्स (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची सोय) निवडून हे टाका: [अ-९]. देवनागरीत केलेले सगळे शोध वेगळे होतील. 'जुळत नाही' निवडलं की उरतील रोमन लिपीतले. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. रोमन लिपीत मराठी लिहिणारे, इंग्रजी शब्दांत विचारणारे आणि बोलून शोधणारे असे निरनिराळे लोक तिथे दिसतील. बोलून विचारलेले प्रश्न लांब असतात: 'वडील वारल्यावर सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं'. आकड्यांचंही बघा, '७/१२' आणि इंग्रजी आकड्यांतला तोच शोध या वेगळ्या ओळी असतात. प्रत्येक रूपासाठी वेगळं पान करायची गरज नसते. देवनागरी लेखात रूढ पर्यायी रूप एकदा सहज येऊ द्या, तेवढं पुरे.

मग यादीचे दोन ढीग करा. पहिल्यात 'सातबारा', 'महाभूलेख', 'डिजिटल सातबारा' यांसारखे शोध. इथे माणसाला सरकारी साइटवरच जायचंय. त्याला अडवून लेख वाचायला लावाल तर वाईट क्लिकची कमाई होईल. हा ढीग सोडून द्या. दुसऱ्यात 'बोजा कसा कमी करायचा', 'फेरफार नामंजूर झाला तर काय', 'ए.कु.मॅ. म्हणजे काय'. उतारा हातात आल्यावर पडलेले हे प्रश्न आहेत, आणि सरकारी साइट त्यांचं उत्तर बोलीभाषेत देत नाही. तुमची जागा ही.

या दुसऱ्या ढिगातून स्थान ४ ते १५, इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक थोडे अशा ओळी निवडा. प्रत्येक ओळीवर क्लिक करून 'पेजेस' उघडा. एकाच प्रश्नाला तुमचीच तीन पानं झगडत असतील तर चांगलं एक ठेवा, बाकीच्यांचा कामाचा मजकूर त्यात आणा आणि जुने पत्ते ३०१ ने (पान कायमचं हलल्याच्या संकेताने) तिकडे वळवा. मराठी साइटवर हे सर्रास दिसतं, कारण दरवर्षी शीर्षकातलं साल बदलून नवा लेख टाकायची सवय.

पायरी ४: शीर्षकात तेवढंच वचन द्या, जेवढं पान पाळेल

'सातबारा मिळवा फक्त २ मिनिटांत, तेही मोफत!' या शीर्षकाला क्लिक मिळतीलही. पण सही नसलेला, माहितीपुरता उतारा फुकट असतो आणि डिजिटल सहीच्या उताऱ्याला १५ रुपये लागतात. बँकेत द्यायला उतारा हवा असलेला माणूस आत येतो, फसतो, परत जातो. त्यापेक्षा 'डिजिटल सहीचा सातबारा: १५ रुपये, कुठे चालतो, कुठे नाही' या शीर्षकाला क्लिक कमी पडतील, पण आलेले थांबतील.

तुमचा सीटीआर इंटरनेटवरच्या सरासरी तक्त्यांशी ताडू नका. साधारण त्याच स्थानावरच्या तुमच्याच दोन पानांची तुलना करा. फरक मोठा असेल तर मागे पडलेल्याचं शीर्षक बदला, तारीख लिहून ठेवा, निदान २८ दिवस थांबा, मग दोन कालखंडांची तुलना लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला. गुगल शीर्षक स्वतःच्या मनाने बदलूनही दाखवतं. तसं झालं तर आपलं शीर्षक फार लांब आहे का किंवा पानावरच्या मथळ्याशी जुळत नाही का, ते तपासा.

क्लिक विकणारेही बाजारात आहेत. फोनच्या रांगा लावून तुमचा शब्द शोधतील, तुमच्या निकालावर टिचक्या मारतील. फुटलेल्या कागदांत क्लिकचे फुगलेले आकडे दाबून मोजण्याचे रकानेही दिसतात. पैसे वाचवा. सर्च कन्सोलमधल्या स्वतःच्या आकड्यांची खिचडी होईल ते वेगळंच.

पायरी ५: पहिल्या पडद्यावर उत्तर

मोबाइलवर पान उघडा आणि बोट न सरकवता काय दिसतं ते बघा. नोटिफिकेशनची परवानगी, व्हॉट्सॲप ग्रुपचं निमंत्रण आणि खालून वर येणारी जाहिरात एवढंच दिसत असेल तर लेख कितीही चांगला असो, माणूस गेला.

वारस नोंदीच्या पानाची सुरुवात अशी असू दे: अर्ज ई-हक्क पोर्टलवर किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे कालपरवापर्यंतचे तलाठी), सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती, त्यानंतर नोटिशीची १५ दिवसांची मुदत, हरकत नसेल तर नोंद मंजूर. एवढं आधी सांगा, तपशील खाली. सरकारी साइटची लिंक लपवू नका. 'लिंक दिली की लोक बाहेर जातात' ही भीती खोटी नाही, पण ते एरवीही जाणारच आहेत, आणि मागे वळून निकालांच्या पानावर गेलेले जास्त महागात पडतात.

तलाठी आणि ग्राम महसूल अधिकारी हे दोन्ही शब्द पानावर हवेत. शासनाने पदनाम बदललं तरी लोक 'तलाठी'च शोधतात.

पायरी ६: अक्षरं तपासा

इंग्रजी एसईओच्या पुस्तकांत हे सापडणार नाही. 'सातबाऱ्यावर' हा शब्द संगणकात किमान दोन प्रकारे साठवलेला आढळतो: नव्या कळफलकावर स्वतंत्र 'ऱ' वापरून, तर जुन्या मजकुरात साध्या 'र'पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे. तिसरा प्रकार म्हणजे सरळ चूक, 'सातबार्यावर'. 'ॲप'चंही तेच: एकच अक्षर 'ॲ', किंवा 'अ'वर वेगळा चंद्र चढवलेला. गुगल यातलं बरंच सांभाळून घेतं, तुमच्या साइटच्या आतला शोध सहसा नाही. फोनवरून शब्द टाइप करून पानावर 'शोधा' करून बघा. सापडला नाही तर मजकुरात सगळीकडे एकच रूप करून घ्या.

श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टात टाइप केलेला जुना मजकूर असेल तर तो कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर सर्च इंजिनही तोच कचरा वाचतंय. युनिकोडमध्ये रूपांतर करण्याला पर्याय नाही.

पानाची भाषा 'मराठी' अशी कोडमध्ये लिहा, पण तेवढ्याने गुगलला भाषा कळते असं नाही. ते दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. कोडमधल्या नोंदीचा उपयोग ब्राउझरला आणि स्क्रीन रीडरला होतो, आणि काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यामुळेच उमटतात. पानाचा पत्ता देवनागरीत चालतो, पण 'सातबारा' हा सात चिन्हांचा शब्द पाठवताना ६३ अक्षरांची टक्केचिन्हांची साखळी होतो. लोक लिंक व्हॉट्सॲपवरच पाठवतात, म्हणून मी पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवण्याच्या बाजूचा आहे.

पायरी ७: वेग

यातही वापरकर्ता-डेटाच आहे. 'कोअर वेब व्हायटल्स' या गुगलच्या मापांचे आकडे नोंदी पाठवायला परवानगी दिलेल्या खऱ्या क्रोम वापरकर्त्यांकडून, २८ दिवसांचे जमतात. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, पान उड्या मारू नये (हा आकडा ०.१ च्या आत), आणि हे शंभरातल्या ७५ भेटींत साधावं. लहान साइटला पुरेसा डेटा नसल्याने तक्ता रिकामा दिसतो. तेव्हा देवनागरी फॉन्टची वजनं (साधा, ठळक असे प्रकार) एक-दोनवर आणा, चित्रं हलकी करा आणि पुढे चला. इथे महिने घालवण्यात अर्थ नाही.

पायरी ८: तुम्ही जमवत असलेला डेटा

सर्च इंजिनाच्या डेटाबद्दल बोलता बोलता आपण स्वतः काय गोळा करतो हे राहून जातं. जमिनीच्या साइटवर 'मोबाइल नंबर टाका, सातबारा मिळवा' असा फॉर्म ठेवायचा मोह असतो. ठेवू नका. ठेवलाच असेल तर फॉर्म भरून पुढचं पान उघडल्यावर वरच्या पत्त्यात तो नंबर किंवा गट क्रमांक दिसतो का बघा. दिसत असेल तर तो तसाच गुगल ॲनालिटिक्सकडे (साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनाकडे) जातोय, आणि व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती पाठवायला ॲनालिटिक्सच्याच नियमांत मनाई आहे. फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने, म्हणजे माहिती पत्त्यात न दिसेल असा, पाठवायला डेव्हलपरला सांगा.

ॲनालिटिक्समध्ये वापरकर्ता-पातळीचा डेटा मुळात २ महिनेच राहतो. हवा तर सेटिंगमध्ये १४ महिने करता येतो. करण्याआधी तो कशासाठी हवाय ते ठरवा. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने, १८ महिन्यांत लागू होतात. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय वाचकाला द्यावा लागतो, आणि मराठी त्या २२ भाषांत आहे. डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा कुठल्यातरी इंग्रजी साइटवरून उचललेलं गोपनीयता धोरण काढा, आणि नाव, नंबर, ईमेल यांतलं काय घेता, कशासाठी घेता, कधी पुसता आणि वाचकाने तक्रार कुणाकडे करायची, हे साध्या मराठीत एका पानावर लिहा.